२०१० चा ७.१ रिसीव्हर, टीव्ही नवा ४के: दुरुस्त करू की बदलू? बजेट मोजकेच आहे

तंबोरा५१ (प्रश्न)

मंडळी, सल्ला हवा आहे. माहिती आधीच सगळी देतो.

रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज देणारा डबा) २०१० सालचा, ७.१ (म्हणजे सात स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर). एचडीएमआय १.४, चार इनपुट, एक आउटपुट. आउटपुटवर आर्क (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत आणणारी सोय) आहे, तिची जास्त दर्जाचा आवाज नेणारी पुढची आवृत्ती ई-आर्क नाही. प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला जोडायचे आउटपुट) फक्त सबवूफरचा. स्पीकर ५.१: पुढे दोन बुकशेल्फ (६ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल), सेंटर, मागे दोन छोटे सराउंड आणि ८ इंची पॉवर्ड सबवूफर. बसायची जागा पुढच्या स्पीकरांपासून ३ मीटरवर. टीव्ही ई-आर्कवाला. जोडायची उपकरणे तीन: स्ट्रीमिंग बॉक्स, गेम कन्सोल, ४के डिस्क प्लेयर.

अडचणी दोन. ४के डिस्क रिसीव्हरमधून लावली की पडदा काळा होतो, नाहीतर चित्र १०८०पी वर उतरते. दुसरी, डावा सराउंड हळू आवाजात मधूनच गप्प होतो आणि आवाज वाढवला की खरखर करून परत येतो.

बजेट म्हणाल तर मधल्या श्रेणीच्या नव्या रिसीव्हरच्या किमतीच्या निम्मे. दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ आहे का? वापरलेला घ्यायचा तर कोणत्या सालचा, आणि काय काय तपासून? की सरळ नवा, पण खालच्या श्रेणीतला घ्यावा? ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) आत्ता नको, पुढे वाटले तर सोय असावी.


नादखुळा (प्रतिसाद)

तुमच्या दोन्ही अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. रिसीव्हर म्हणजे एकाच डब्यात बसवलेली दोन यंत्रे: एक ॲम्प्लिफायर आणि एक एचडीएमआय स्विच. ॲम्प्लिफायर वीस वर्षेही नीट चालतो. एचडीएमआयचा भाग पाच-सहा वर्षांत मागे पडतो. तुमचा ॲम्प्लिफायर जुना झालेला नाही, स्विच जुना झाला आहे. म्हणून आधी स्विचचे काम त्याच्याकडून काढून घ्या आणि मग विकत काय घ्यायचे ते ठरवा.

पडदा काळा होण्याचे कारण एचडीसीपी २.२. ४के डिस्कवरचे चित्र या कुलपाखाली येते. वाटेतल्या प्रत्येक यंत्राला ते समजावे लागते. एचडीएमआय १.४ च्या काळातल्या रिसीव्हरांना ते समजत नाही, आणि ते सॉफ्टवेअर अपडेटनेही येत नाही, कारण ते चिपमध्येच लागते. म्हणजे चित्र रिसीव्हरमधून नेण्याचा नाद सोडायचा. तिन्ही उपकरणे सरळ टीव्हीला जोडा आणि रिसीव्हरला फक्त आवाज द्या.

तो कसा द्यायचा हे प्रत्येक उपकरणाचे वेगळे आहे.

डिस्क प्लेयर: मागे बघा, अनेक ४के प्लेयरना दोन एचडीएमआय आउटपुट असतात. मुख्य आउटपुट टीव्हीला, दुसरे (फक्त आवाजाचे) रिसीव्हरच्या इनपुटला. डिस्कवरचे वरच्या दर्जाचे आवाजाचे फॉरमॅट, ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, दोन्ही पूर्ण दर्जाने मिळतील, एक पैसा खर्च न करता. प्लेयरच्या मेनूत आवाज ‘बिटस्ट्रीम’वर (न उलगडता तसाच पाठवणे) ठेवा आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद करा. तो चालू राहिला तर प्लेयर मेनूचे टिकटिक आवाज मूळ ट्रॅकमध्ये मिसळतो आणि सगळे पुन्हा साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये बांधून पाठवतो. रिसीव्हरच्या पट्टीवर ट्रूएचडी का उमटत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

स्ट्रीमिंग बॉक्स: टीव्हीला जोडा, तिथून आवाज आर्कने रिसीव्हरला. स्ट्रीमिंगवरचा आवाज डॉल्बी डिजिटल प्लस असतो. आर्क तो नेऊ शकते, पण जुने काही रिसीव्हर एचडीएमआय इनपुटवर तो ओळखतात आणि आर्कवर मात्र ओळखत नाहीत. आवाजच आला नाही तर टीव्हीचे डिजिटल आउटपुट ‘पास-थ्रू’वरून ‘डॉल्बी डिजिटल’वर आणा, मग टीव्ही स्वतः रूपांतर करून ५.१ पाठवेल. ऑप्टिकल केबलनेही इतकेच मिळते. तिच्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जातच नाही.

कन्सोलचे जरा अवघड आहे. खेळाचा आवाज मुळात बहुचॅनल पीसीएम (न दाबलेला, उलगडलेला आवाज) असतो आणि आर्कमधून पीसीएम जातो तो दोनच चॅनलचा. त्यामुळे कन्सोलला डॉल्बी डिजिटल ५.१ वर लावावे लागते. ते बांधायला आणि उलगडायला वेळ लागतो, म्हणून गोळी सुटल्यावर आवाज किंचित मागून येतो. सावकाश खेळात कळत नाही, वेगवान खेळात कळते.


मल्टिमीटर (प्रतिसाद)

सराउंडबद्दल. हळू आवाजात गप्प, आवाज वाढवला की परत, हे वर्णन स्पीकर रिलेचे (ॲम्पला स्पीकरशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे) आहे. रिलेच्या संपर्कबिंदूंवर ऑक्साइडचा थर बसतो. कमी व्होल्टेजला तो थर भेदला जात नाही, व्होल्टेज वाढले की प्रवाह सुरू होतो. आवाज मुद्दाम मोठा करून ‘मोकळे’ करण्याचा उपाय थोडे दिवस चालतो, थर पुन्हा बसतो.

पण झाकण उघडण्याआधी खात्री करा. रिसीव्हर बंद करून मागच्या बाजूला डाव्या आणि उजव्या सराउंडच्या तारा आपसांत बदला. दोष आता उजव्या स्पीकरवर गेला तर तो रिसीव्हरमध्ये आहे. डाव्यातच राहिला तर तार किंवा स्पीकर बघा. तार असेल तर टर्मिनलमधली टोके काळी पडली आहेत का पाहून १ सेंटिमीटर छाटा, नव्याने सोला, पिळा. एकही सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये, यंत्र प्रोटेक्शनमध्ये जाण्याचे (स्वतःला वाचवायला बंद होण्याचे) सर्वांत साधे कारण तेच असते.


तंबोरा५१

तारा बदलून पाहिल्या. दोष उजव्या स्पीकरवर गेला, म्हणजे रिसीव्हरच. डिस्क प्लेयरला दुसरे आउटपुट आहे आणि त्यातून ट्रूएचडी येते आहे. आर्कवर ‘पास-थ्रू’ ठेवले की शांतता, ‘डॉल्बी डिजिटल’ ठेवले की ५.१ येते. आता रिले घरी बदलता येईल का? आणि कन्सोलला काही उपाय?


मल्टिमीटर (प्रतिसाद)

सोल्डरिंगचा हात असेल तरच घरी. नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या आणि ‘स्पीकर रिले बदलायचा आहे’ एवढे नेमके सांगा. भाग स्वस्त असतो, मजुरीही थोडी लागते. ‘सगळे तपासून बघा’ म्हणालात तर बिल वाढते.

स्वतः करणार असाल तर सुरक्षिततेचा भाग अक्षरशः पाळा. पॉवर सप्लायचे दोन मोठे फिल्टर कपॅसिटर, साधारण १०,००० मायक्रोफॅरड आणि ५० ते ७० व्होल्ट, प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात. प्लग काढा, दोन्हींवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा, मग १ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येकावर एकेक मिनिट लावा आणि परत मोजा. २ व्होल्टच्या खाली येईपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करणे तर अजिबात नको, ठिणगीने टर्मिनल जळते आणि कपॅसिटरलाही इजा होते.

रिले स्पीकर टर्मिनलांच्या जवळच सापडतील, काळ्या किंवा पारदर्शक चौकोनी डब्या. बहुधा एका रिलेवर दोन चॅनल असतात, म्हणजे तुमचे दोन्ही सराउंड एकाच डबीवर असण्याची शक्यता मोठी. डबीवर कॉइलचे व्होल्टेज छापलेले असते, २४ व्होल्ट नेहमीचे, पण १२ आणि ४८ चेही असतात. नवा घेताना कॉइलचे व्होल्टेज, कॉइलचा रेझिस्टन्स, संपर्कांची रचना आणि पायांची मांडणी या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत, संपर्कांचे रेटिंग जुन्याइतके किंवा जास्त. सीलबंद रिले उघडून घासत बसू नका. पॉलिशपेपरने वरचा मुलामा जातो आणि दोष लवकर परततो.

काढताना जुन्या सांध्यांवर आधी थोडे ताजे सोल्डर चढवा, मग पंपाने ओढा. हे बोर्ड बहुतेक एका बाजूचे असतात, जास्त वेळ तापवले की तांब्याची पट्टी उचलली जाते. रिबन केबल काढण्यापूर्वी प्रत्येकीचा फोटो घ्या.

बोर्ड बाहेर आलाच आहे तर दोन गोष्टी बघून घ्या: स्टँडबाय सप्लायच्या छोट्या कपॅसिटरांचे माथे फुगले आहेत का, आणि हीटसिंकजवळच्या सांध्यांभोवती बारीक गोल चीर दिसते का.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वाटेत मालिकेत ६० ते १०० वॉटचा तंतूचा दिवा ठेवा, एलईडी नव्हे. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखर राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. मग दिवा काढून, स्पीकर न जोडता, प्रत्येक टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर स्पीकर लावायला हरकत नाही.

आणखी एक, बाकी वाचणाऱ्यांसाठी. हाच दोष पुढच्या चॅनलला असेल आणि ७.१ रिसीव्हरवर ५.१ च स्पीकर असतील, तर काही मॉडेलांत सराउंड बॅकचे रिकामे ॲम्प मेनूतून ‘बाय-ॲम्प’ला (एकाच स्पीकरला दोन ॲम्प) देता येतात. पुढचे स्पीकर त्या टर्मिनलांवर हलवले की रिले न बदलता काम होते. सराउंडला ही सोय सहसा नसते.


नादखुळा (प्रतिसाद)

कन्सोलला उपाय आहे: ई-आर्क एक्स्ट्रॅक्टर. टीव्हीच्या ई-आर्क पोर्टला तो लागतो, आवाज घेतो आणि कोऱ्या चित्रासोबत साध्या एचडीएमआयने रिसीव्हरच्या इनपुटला देतो. तुमच्या रिसीव्हरला तो एखादा प्लेयर वाटतो. बहुचॅनल पीसीएम, डॉल्बी डिजिटल प्लस, ट्रूएचडी सगळे पोचते, आणि ‘पास-थ्रू’वरची तुमची शांतताही संपते.

घेताना नीट वाचा. बाजारात ‘आर्क एक्स्ट्रॅक्टर’ नावाच्या स्वस्त डब्या पुष्कळ आहेत, त्यांना बाहेर फक्त ऑप्टिकल असते. त्यांनी तुम्ही जिथे आहात तिथेच राहाल. पेटीवर ई-आर्क असे स्पष्ट हवे आणि आवाजासाठी एचडीएमआय आउटपुट हवे. तिसरी गोष्ट ईडीआयडी. कोणते फॉरमॅट चालतात हे टीव्हीला ती डबीच सांगते. ती रिसीव्हरकडून आपोआप वाचते का, की स्विचने निवडावे लागते, हे पाहा. चुकीचे निवडले तर टीव्ही दोनच चॅनल पाठवतो आणि माणूस केबल बदलत बसतो. टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होणे मात्र गृहीत धरू नका, सीईसी (रिमोटचे हुकूम एचडीएमआयने पोचवणारी सोय) सगळ्या डब्या पुढे नेत नाहीत.


मंद्रसप्तक (प्रतिसाद)

वरचे सगळे पटले. आता ‘नव्याने आवाज सुधारेल का’ या प्रश्नाकडे वळतो, कारण तिथेच पैसे वाया जातात.

वॉटच्या आकड्यांवर जाऊ नका. ८० वॉटवरून १०० वॉटवर गेलात तर फरक पडतो १ डेसिबलचा, तो कानाला जेमतेम कळतो. ३ डेसिबल हवे असतील तर वॉट दुप्पट लागतात. शिवाय पेटीवरचा मोठा आकडा बऱ्याचदा एकच चॅनल चालू, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन असा मोजलेला असतो. तुलना करायचीच तर दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.१ टक्क्याच्या आत, हा आकडा शोधा.

तुमचा हिशेब मांडू. ८७ डेसिबलचा स्पीकर (१ वॉटला, १ मीटरवर), ३ मीटरवर खोलीत साधारण ८० डेसिबल उरतात. ८० वॉट म्हणजे त्यावर १९ डेसिबल, एका स्पीकरचे ९९. सिनेमागृहाच्या संदर्भ पातळीला एका चॅनलची शिखरे १०५ ची असतात, पण घरी लोक त्याच्या १० ते १५ डेसिबल खालीच ऐकतात. म्हणजे तुमचा ॲम्प पुरतो आहे. त्यात सगळे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवला की खर्जाचे ओझे सबवूफरचा स्वतःचा ॲम्प उचलतो आणि रिसीव्हर निवांत होतो. मेनूत किंवा मागे इम्पिडन्सचा (स्पीकरच्या ओहमचा) पर्याय असेल आणि तो ‘४’ किंवा ‘६’वर असेल, तर तेही बघा. बऱ्याच यंत्रांत तो पर्याय आतले व्होल्टेज उतरवून ताकदच कमी करतो. स्पीकर ६ ओहमचे, हवा खेळती आणि आवाज बेताचा असेल तर ८ वर चालते. यंत्र तापून बंद पडू लागले तर परत खाली आणा. वर किमान १० सेंटिमीटर जागा मोकळी हवी.

खरा फरक पडतो तो ‘रूम करेक्शन’चा, म्हणजे खोलीमुळे बिघडणारा आवाज रिसीव्हरने माइकने मोजून सुधारण्याचा. दहा-बारा वर्षांत रिसीव्हरमध्ये ऐकू येईल अशी सुधारणा कुठे झाली असेल तर ती इथे: ऑडिसीच्या एक्सटी३२ सारख्या वरच्या आवृत्त्या, डिरॅक लाइव्ह, आणि खर्जाचे बारकाईने होणारे मापन. खालच्या श्रेणीतल्या नव्या रिसीव्हरांत या पद्धतींची सर्वांत साधी आवृत्ती असते, प्री-आउट नसतात, कधी सराउंडला स्प्रिंगचे क्लिप असतात. त्यापेक्षा त्याच पैशात दोन-तीन पिढ्या जुना पण मधल्या श्रेणीचा वापरलेला रिसीव्हर कितीतरी सरस.

साल विचारलेत: २०१९ आणि पुढचे पाहा. ॲटमॉस २०१४ पासून मिळते, एचडीसीपी २.२ साधारण २०१५ पासून सर्रास आहे, पण ई-आर्क रुळली २०१८-१९ मध्ये. ई-आर्क आणि एचडीएमआय २.१ चे व्हिडिओ इनपुट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा कन्सोल टीव्हीलाच जोडलेला असणार, म्हणून ४के १२० हर्ट्झवाल्या इनपुटांसाठी जादा पैसे मोजायचे कारण नाही. एचडीएमआय २.०बी, एचडीसीपी २.२ आणि ई-आर्क एवढे पुरे. उलट २०२० मध्ये आलेल्या पहिल्या २.१ वाल्या रिसीव्हरांपैकी काहींत एका चिपच्या दोषामुळे ठराविक उपकरणांचे ४के १२० चित्र काळे पडायचे. तसे मॉडेल समोर आले तर त्याचा बोर्ड बदलला आहे का, ते विचारा.

तपासताना एक तास हातात ठेवा. स्पीकर जोडून टेस्ट टोन प्रत्येक चॅनलवर अगदी हळू आवाजात लावा, रिले तिथेच पकडला जातो. प्रत्येक एचडीएमआय इनपुटला ४के उपकरण लावून पाहा, फक्त पहिल्याला नव्हे. ई-आर्क टीव्हीवर प्रत्यक्ष जुळते का पाहा. नेटवर्क जोडून अपडेटचा मेनू उघडतो का बघा. मग अर्धा तास मध्यम आवाजात चालवून झाकणावर हात ठेवा: सगळीकडे कोमट ठीक, एकाच कोपऱ्यात चटका बसत असेल तर सोडून द्या. मूळ मापनाचा माइक सोबत हवाच, दुसऱ्या कंपनीचा चालत नाही कारण प्रत्येक माइकचे कॅलिब्रेशन यंत्रात धरलेले असते. मागच्या पाटीवरचे व्होल्टेजही वाचा. दुसऱ्या देशातून आलेले १२० व्होल्टचे यंत्र २३० वर लावले तर पहिल्याच मिनिटाला जाते.


ओहमकार (प्रतिसाद)

@मंद्रसप्तक, एका गोष्टीवर वेगळे मत. वापरलेल्या रिसीव्हरचा एचडीएमआय बोर्ड वॉरंटी संपल्यावर गेला तर तो सहसा दुरुस्त होत नाही, पूर्ण बोर्डच बदलावा लागतो आणि काही वर्षांनी तो मिळेनासा होतो. ज्याला हे झेपणार नाही त्याने नवा साधा घेण्यात चूक नाही. पण तंबोरा५१ यांच्यासाठी तिसराच क्रम बरा वाटतो: रिले बदला, एक्स्ट्रॅक्टर घ्या, आणि उरलेले पैसे सबवूफरला. ८ इंचीवरून चांगल्या १२ इंचीवर गेल्यावर जो फरक ऐकू येतो तो या बजेटमधला कोणताही रिसीव्हर देणार नाही. शिवाय पुढे रिसीव्हर बदलला तरी सबवूफर तोच राहतो.

तो कुठे ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका. सबवूफर तात्पुरता बसायच्या जागेवर ठेवा, खर्जातली सलग ओळ लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात, एखादाच घुमत नाही, तिथे सबवूफर ठेवा.


तंबोरा५१

क्रम पटला. रिले आणि एक्स्ट्रॅक्टर आधी, मग सबवूफर. रिसीव्हर नंतर, ई-आर्कवाला मिळाला तर. ॲटमॉससाठी तेव्हा काय लागेल? आणि केबल कोणत्या?


मंद्रसप्तक (प्रतिसाद)

५.१.२ ला (पाच स्पीकर, एक सबवूफर, छतात दोन) सात ॲम्प लागतात, म्हणजे ७.२ रिसीव्हर पुरतो. छतात दोन स्पीकर, बसणाऱ्याच्या किंचित पुढे. आवाज छताकडे उडवणारे स्पीकर तेव्हाच घ्या जेव्हा छत सपाट आणि कठीण असेल. उतरते किंवा आवाज शोषणारे छत असेल तर ते पैसे फुकट.

नवा सबवूफर आला की मापन पुन्हा करा. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीवर टेकवून नव्हे. पंखा बंद. पहिली जागा मुख्य आसनाची, बाकीच्या तिच्यापासून ६० सेंटिमीटरच्या आत. झाल्यावर रिसीव्हरने पुढचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवले असतील तर हाताने ‘स्मॉल’ करा. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले तर मात्र हात लावू नका: त्याच्या आतल्या फिल्टरला लागणारा वेळ त्या अंतरात धरलेला असतो.


मल्टिमीटर (प्रतिसाद)

स्पीकरची तार: रेझिस्टन्स स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. १.५ चौरस मिलिमीटर शुद्ध तांबे तुमच्या ६ ओहमला १२-१३ मीटरपर्यंत चालते. मागच्या स्पीकरांना त्याहून लांब जायचे तर २.५ घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम तार स्वस्त असते, पण रेझिस्टन्स दीडपट, म्हणजे अंतराचा हिशेबही तसाच आखडतो.

एचडीएमआय: ४के ६० ला ‘प्रीमियम हाय स्पीड’ (१८ गिगाबिट), कन्सोल ते टीव्ही ४के १२० ला ‘अल्ट्रा हाय स्पीड’ (४८ गिगाबिट), दोन्हींवर स्कॅन करता येणारे प्रमाणपत्राचे लेबल असते. ४८ ची साधी तांब्याची केबल ३ मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे ॲक्टिव्ह ऑप्टिकल. ती एकाच दिशेने चालते: ‘सोर्स’ लिहिलेले टोक उपकरणाकडे, ‘डिस्प्ले’ टीव्हीकडे. टीव्हीपासून एक्स्ट्रॅक्टरला जाणारी केबल मात्र तांब्याची आखूडच घ्या, कारण सगळ्या ऑप्टिकल केबल ई-आर्क नेत नाहीत. जोडून झाल्यावर सगळे मेन्सवरून बंद करा, मिनिटभर थांबा आणि आधी टीव्ही, मग एक्स्ट्रॅक्टर, मग रिसीव्हर असे चालू करा. तरी आवाज आला नाही तर टीव्हीच्या मेनूत ई-आर्क ‘ऑटो’वर आहे का ते पाहा, बऱ्याच टीव्हींत ती मुळात बंद असते.